किती, किती वेळ, कुठे

अमेरिकेतल्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीत, जॉन हिब्ज नावाचे संसर्गजन्य रोगांचे डॉक्टर 1970 च्या दशकापासून एकाच प्रश्नाच्या मागे लागले होते. जंतूंशी गाठ पडून चेतलेल्या मॅक्रोफेज, म्हणजे शरीरातल्या भक्षक पांढऱ्या पेशी, काचेच्या बशीत कर्कपेशींशेजारी ठेवल्या की कर्कपेशी मरणपंथाला लागत. सामान्य पेशींना मात्र त्या फारसा उपद्रव देत नसत. 1972 साली हिब्ज यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केलं, पण मॅक्रोफेज नेमक्या कशाने मारतात ते काही उमगेना.

बळी पडलेल्या कर्कपेशी त्यांनी बारकाईने तपासल्या. त्या फुटलेल्या नव्हत्या, त्यांचं बाहेरचं आवरण बराच काळ शाबूत राहत होतं. बिघाड होता तो आत. पेशीतलं लोह निघून गेलेलं, मायटोकॉन्ड्रियांचं श्वसन बंद पडलेलं, नवा डीएनए बनणं थांबलेलं. कुणी तरी आवरणाला ओरखडाही न काढता आत शिरून लोह असलेली प्रथिनंच नेमकी निकामी करत होतं. मग हिब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशी ज्या पोषक द्रवात वाढवतात त्यातले घटक तपासायला घेतले. आर्जिनिन हे अमिनो आम्ल द्रवातून काढून टाकलं की मॅक्रोफेजचं शस्त्र म्यान होई, परत घातलं की मारा पुन्हा सुरू. आर्जिनिनसारखाच दिसणारा पण किंचित बदललेला एक रेणू, मोनोमिथिल आर्जिनिन, द्रवात मिसळला तरी मारा थांबे. जानेवारी 1987 मध्ये ‘सायन्स’मध्ये हे छापून आलं. मॅक्रोफेज आर्जिनिनपासून सिट्रुलिन आणि नायट्राइट बनवतात, आणि याच वाटेवर कुठे तरी ते मारक द्रव्य तयार होतं, इथपर्यंत माग लागला होता. त्या द्रव्याची ओळख पटायला आणखी वर्षभर लागलं.

नायट्राइटचं नाव कर्करोगाच्या संशोधनात त्याआधीही येऊन गेलं होतं, पण अगदी वेगळ्या कारणाने. खारवलेल्या मांसात घालतात त्या नायट्राइटपासून पोटात नायट्रोसामीन तयार होतात आणि ते कर्करोग घडवू शकतात, या भीतीने एमआयटीमध्ये स्टीव्हन टॅननबॉम यांचा गट माणसं किती नायट्रेट खातात आणि लघवीवाटे किती बाहेर टाकतात याचा हिशोब मांडत होता. हिशोब जुळेना. जितकं पोटात जाई त्याहून जास्त बाहेर पडे. प्रयोगाला बसलेल्या एकाला मध्येच ताप आला, जुलाब लागले आणि त्याच्या लघवीतलं नायट्रेट एकदम उसळलं. एखाद्या उतावळ्या संशोधकाने ‘आजारी माणसाचा नमुना बिघडला’ म्हणून तो आकडा खोडून टाकला असता. टॅननबॉम यांच्या गटाने तो जपला. माणसाचं शरीर स्वतःच नायट्रेट बनवतं आणि जंतूंशी झुंज लागली की ते जास्त बनवतं, हे त्यातून 1981 च्या सुमारास पुढे आलं. 1985 मध्ये डेनिस स्टूर आणि मायकेल मार्लेटा यांनी दाखवलं की उंदराच्या मॅक्रोफेजना जंतूंचं विष चाखवलं की त्या नायट्राइट आणि नायट्रेट सोडू लागतात. याच वाटेला हिब्ज यांचा माग येऊन मिळाला.

याच सुमाराला, हजारो मैल पूर्वेला, रक्तवाहिन्यांचा अभ्यास करणारी मंडळी दुसऱ्याच एका अज्ञात द्रव्याच्या मागावर होती. कर्करोगाशी त्यांचा काही संबंध नव्हता.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्शगॉट यांनी अनेक वर्षं सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर काम केलं होतं. ॲसिटिलकोलीन टाकलं की त्यांच्या पट्ट्या आकुंचन पावत. जिवंत प्राण्यात मात्र याच ॲसिटिलकोलीनने रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. ही विसंगती सगळ्यांना ठाऊक होती आणि सगळ्यांनी ती सोडून दिली होती. 1978 च्या मे महिन्यात त्यांच्या प्रयोगशाळेतल्या साहाय्यकाने ठरलेल्या क्रमाने प्रयोग केला नाही आणि धमनी चक्क सैलावली. साठी उलटलेल्या फर्शगॉट यांनी ते निरीक्षण सोडलं नाही. शोध घेता घेता त्यांच्या लक्षात आलं की पट्ट्या कापताना धमनीची आतली बाजू इतकी वर्षं घासली जात होती, आणि तिथलं एका पेशीच्या जाडीचं अस्तर खरवडून निघत होतं. अस्तर शाबूत असलं की धमनी सैलावायची. खात्री करायला त्यांनी अस्तर असलेली एक पट्टी अस्तर नसलेल्या पट्टीला चिकटवली, तर बिनअस्तराची पट्टीही सैल पडली. म्हणजे अस्तरातून काही तरी पाझरून पलीकडच्या स्नायूपर्यंत पोचत होतं. 1980 मध्ये ‘नेचर’मध्ये हे जॉन झवाडझ्की यांच्यासह प्रसिद्ध झालं.

पुढच्या काही वर्षांत फर्शगॉट यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. तिचा फारसा गाजावाजा झाला नाही, पण या सगळ्या कथेच्या दृष्टीने ती फार मोलाची होती. ए23187 नावाचा एक रेणू आहे, तो पेशीच्या आवरणातून कॅल्शियम आत घेऊन जातो. ॲसिटिलकोलीनच्या जागी नुसता हा रेणू वापरला तरी धमनी सैलावत होती, आणि तीही अस्तर असलं तरच. अस्तरातल्या पेशींत कॅल्शियम चढलं की ते अज्ञात द्रव्य बाहेर पडतं, असा याचा सरळ अर्थ होता.

त्या द्रव्याची ओळख 1986–87 मध्ये पटली. 1986 च्या उन्हाळ्यात मिनेसोटातल्या रॉचेस्टरला झालेल्या परिषदेत फर्शगॉट आणि लुई इग्नारो या दोघांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, ते नायट्रिक ऑक्साइड असावं असं मांडलं. 1987 मध्ये इंग्लंडमधल्या बेकनहॅमच्या वेलकम प्रयोगशाळेत साल्वादोर मोनकादा, रिचर्ड पामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रत्यक्ष मोजून दाखवलं, इग्नारो यांनीही त्याच वर्षी पुरावा दिला. मोजणीसाठी बेकनहॅमला ओझोनशी होणाऱ्या अभिक्रियेतून उठणारा प्रकाश वापरला गेला. हवेतल्या प्रदूषणाची तपासणीही याच पद्धतीने होते. नायट्रिक ऑक्साइड म्हणजे मोटारीच्या धुरात आढळणारा वायू, नायट्रोजनचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक. असा काही सेकंदांत नाहीसा होणारा वायू शरीर स्वतः बनवून निरोप धाडायला वापरतं, ही कल्पना तोवर कुणाच्या पचनी पडली नसती.

एका माणसाला मात्र तिचं नवल वाटलं नसावं. व्हर्जिनियात फेरीद मुराद यांनी 1977 मध्येच दाखवलं होतं की नायट्रोग्लिसरिनसारखी औषधं नायट्रिक ऑक्साइड सोडून काम करतात. 1847 साली तुरीनमध्ये आस्कानियो सोब्रेरो यांनी पहिल्यांदा बनवलेलं आणि आल्फ्रेड नोबेल यांनी डायनामाइटमध्ये कोंडलेलं हे स्फोटक विल्यम मरेल यांनी 1879 मध्ये छातीत कळ येणाऱ्या रुग्णांना देऊन पाहिलं होतं. हृदयविकार असलेल्या मराठी घरात आजही जिभेखाली धरायची सॉर्बिट्रेटची गोळी हाताशी असते, ती याच कुळातली. फर्शगॉट, इग्नारो आणि मुराद यांना 1998 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. मोनकादांना वगळलं गेलं, आणि ते खटकलेले शास्त्रज्ञ बरेच होते. हिब्ज यांचं नावही त्या यादीत नव्हतं. एकाच वायूचा माग दोन टोकांनी लागला होता, एकीकडून धमनीतून आणि दुसरीकडून मरणाऱ्या कर्कपेशीतून. यातलं दुसरं टोक पारितोषिकांच्या झगमगाटात जरा मागे पडलं.

आता फर्शगॉट यांच्या प्रयोगात डोकावलेल्या कॅल्शियमकडे वळायला हवं. त्याचा इतिहास शंभराहून अधिक वर्षं जुना आहे. 1882 च्या सुमारास लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवण्याचे प्रयोग करत होते. हृदय मजेत चालायचं. मग कळलं की ते मिठाचं पाणी ऊर्ध्वपातित पाण्यात न बनवता नळाच्या पाण्यात बनवलेलं होतं. शुद्ध पाणी वापरलं तर हृदय लवकरच थंडावे. लंडनच्या नळातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम होतं आणि हृदयाच्या आकुंचनाला तेच लागत होतं. 1883 मध्ये रिंगर यांनी हे मोकळेपणाने लिहून टाकलं. हाडादातांपलीकडे कॅल्शियमला काही काम असतं याचा हा पहिला भक्कम पुरावा.

निरोप्या म्हणून कॅल्शियम चालतं ते फरकाच्या जोरावर. निवांत पेशीच्या आतल्या द्रवात मोकळं कॅल्शियम साधारण 100 नॅनोमोलर असतं, बाहेर त्याच्या दहा हजार पट. धरणाच्या भिंतीमागे पाणी तुंबलेलं असावं तसं ते पेशीच्या आवरणापलीकडे, आणि पेशीच्या आत आंतर्द्रव्यजालिकेच्या पोकळीतही, दबा धरून असतं. एखादी झडप क्षणभर उघडली की आत लोंढा येतो आणि पंप लगेच तो उपसायला लागतात. आतली झडप कोण उघडतं हे 1983 मध्ये कळलं. केंब्रिजचे मायकेल बेरिज आणि रॉबिन अर्व्हाइन, आणि फ्रँकफर्टचे हान्सपेटर श्ट्रेब आणि इरेना शुल्त्झ यांनी मिळून दाखवलं की आयपी3 नावाचा लहानसा रेणू आंतर्द्रव्यजालिकेतलं कॅल्शियम मोकळं करतो. 1985 मध्ये बर्कलीत रॉजर चेन यांच्या गटाने फ्युरा-2 हा रंग तयार केला. कॅल्शियम मिळालं की त्याची चमक बदलते, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशीत कॅल्शियम चढता-उतरताना डोळ्यांनी बघता येऊ लागलं. आधी ज्याचा तर्क करावा लागे ते आता पडद्यावर लाटांसारखं उठताना दिसू लागलं.

नायट्रिक ऑक्साइड आणि कॅल्शियम यांचे हे दोन माग एकत्र आले ते बॉल्टिमोरमध्ये. 1988 मध्ये लिव्हरपूलच्या जॉन गार्थवेट यांनी दाखवलं होतं की मेंदूच्या पेशींत कॅल्शियम शिरलं की त्याही नायट्रिक ऑक्साइडसारखं काही तरी सोडतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सॉलोमन स्नायडर यांचे विद्यार्थी डेव्हिड ब्रेड्ट हे नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम मेंदूतून वेगळं काढायचा प्रयत्न करत होते. शुद्धीकरणाची एकेक पायरी चढताना एन्झाइमचं बळ नाहीसं व्हायचं. गाळताना त्याचा कुणी तरी जोडीदार मागे राहत होता. तो होता कॅल्मोड्युलिन, कॅल्शियमचे चार अणू पकडून आकार बदलणारं प्रथिन, 1970 च्या सुमारास अमेरिकेत वाय यू चुंग आणि जपानमध्ये शिरो काकिउची यांनी स्वतंत्रपणे शोधलेलं. ते परत मिसळल्याबरोबर एन्झाइम जागं झालं. 1990 मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला आणि फर्शगॉट यांच्या ए23187 च्या प्रयोगाचं मर्म उलगडलं. कॅल्शियम चढतं, कॅल्मोड्युलिनला धरतं, कॅल्मोड्युलिन एन्झाइमला धरतं, आणि आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनू लागतं. कॅल्शियम उतरलं की सगळं बंद.

मग हिब्ज यांच्या मॅक्रोफेजचं काय? त्या तर तासन्‌तास, दिवसच्या दिवस नायट्रिक ऑक्साइड ओतत राहतात, कॅल्शियम चढो न चढो. न्यूयॉर्कमध्ये कार्ल नेथन यांच्या गटाने 1992 मध्ये याचं उत्तर दिलं. मॅक्रोफेजमधलं एन्झाइम वेगळ्या जनुकापासून बनतं, आणि कॅल्मोड्युलिनला ते इतकं घट्ट कवटाळून बसलेलं असतं की निवांत पेशीतलं तुटपुंजं कॅल्शियमही त्याला पुरतं. एकदा तयार झालं की त्याला आवर घालणारं कुणी उरत नाही. त्याच वर्षी ‘सायन्स’ने नायट्रिक ऑक्साइडला वर्षाचा रेणू ठरवलं. मेंदू, रक्तवाहिन्या आणि रोगप्रतिकार या तीन ठिकाणची तीन एन्झाइमं, त्यांतली दोन कॅल्शियमच्या इशाऱ्यावर चालणारी आणि तिसरं मोकाट. कर्करोगाच्या अभ्यासकांना पुढे ज्या कोड्याशी झुंजावं लागलं त्याचं बीज या फरकात होतं.

ते कोडं 1994–95 मध्ये चव्हाट्यावर आलं. तोवर साधी समजूत होती: मॅक्रोफेज नायट्रिक ऑक्साइडने कर्कपेशी मारतात, तेव्हा नायट्रिक ऑक्साइड चांगलं. पण बेकनहॅममध्ये लिंडी थॉमसन आणि मोनकादा यांनी स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या कर्करोगाच्या गाठी तपासल्या तेव्हा नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम खुद्द गाठीतच सापडलं, आणि जितकी गाठ आक्रमक तितकं ते जास्त. स्तनाच्या कर्करोगातही त्यांना असंच दिसलं. मारकच जर असेल तर गाठ ते स्वतःजवळ का बाळगते?

1995 मध्ये दोन गटांनी जवळजवळ एकच प्रयोग केला आणि निकाल मात्र एकमेकांच्या विरुद्ध आले. टेक्सासमध्ये ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात केपिंग शिए आणि आयझाया फिडलर यांनी त्वचेच्या मेलानोमा कर्करोगाच्या, वेगाने पसरणाऱ्या के-1735 पेशींत मॅक्रोफेजचं एन्झाइम बनवणारं जनुक घातलं. या पेशी भरपूर नायट्रिक ऑक्साइड बनवू लागल्या. उंदरांना टोचल्यावर त्यांचा फुप्फुसात होणारा प्रसार थांबला. इकडे बेकनहॅममध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या डीएलडी-1 पेशींना सतत नायट्रिक ऑक्साइड बनवायला लावलं. काचेच्या बशीत त्या मूळ पेशींपेक्षा हळू वाढल्या. इथवर सगळं ठीक. मग उंदराच्या अंगात टोचल्या तर त्याच पेशी मूळ पेशींहून वेगाने वाढल्या, आणि त्यांच्या गाठीत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं विणलेलं होतं. बशीत वाढ रोखणारा वायू अंगात खतपाणी घालत होता. या निबंधाच्या लेखकांनी तेव्हाच लिहून ठेवलं की नायट्रिक ऑक्साइड कर्करोगाला पोसेल की रोखेल हे बहुधा त्या जागच्या त्याच्या प्रमाणावर ठरत असावं. हे वाक्य नंतरच्या गदारोळात पुष्कळांच्या नजरेतून सुटलं, आणि ‘चांगलं की वाईट’ हा चुकीचा प्रश्न पुढे दहा वर्षं छळत राहिला.

रक्तवाहिन्यांच्या त्या जाळ्यात कॅल्शियमचा हात होता. फ्लॉरेन्समध्ये मरीना त्सिके यांनी 1994 मध्ये सशाच्या डोळ्याच्या पारपटलावर दाखवलं होतं की नायट्रिक ऑक्साइडमुळे नव्या रक्तवाहिन्या फुटतात. वाढती गाठ ऑक्सिजन कमी पडू लागला की व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडते. ते जवळच्या रक्तवाहिनीच्या अस्तराला लागलं की तिथल्या पेशींत कॅल्शियम चढतं, कॅल्मोड्युलिन एन्झाइमला जागं करतं आणि नायट्रिक ऑक्साइड सुटतं. अस्तरातल्या पेशी हलू लागतात, वाढू लागतात, गाठीकडे सरकतात. ब्रुकलिनमध्ये धमनी सैल पाडणारी यंत्रणाच गाठ आपल्या कामाला जुंपते.

हे झालं कॅल्शियमने नायट्रिक ऑक्साइडला हुकूम देणं. उलट दिशेचा व्यवहार त्याहून गुंतागुंतीचा निघाला, आणि तो उलगडला तो बहुतेक हृदय, धमन्या आणि चेतापेशी यांवरच्या कामातून. कर्करोगाच्या अभ्यासकांनी ते ज्ञान नंतर उचललं. एक वाट मुराद यांनी अभ्यासलेल्या एका एन्झाइमवरून जाते. नायट्रिक ऑक्साइडमुळे पेशीत सायक्लिक जीएमपी हा रेणू वाढतो, तो एका प्रथिनकायनेजला चालना देतो. म्युनिकमध्ये फ्रांत्स होफमान यांच्या गटाने 2000 साली दाखवलं की हा कायनेज आयपी3 च्या झडपेशेजारी बसलेल्या आयरॅग नावाच्या प्रथिनावर फॉस्फेट चढवतो आणि कॅल्शियमची सुटका मंदावते. म्हणजे इथे नायट्रिक ऑक्साइड कॅल्शियम शांत करतं. धमनी सैलावण्यामागचं एक कारण हेच.

दुसरी वाट थेट प्रथिनांशी भिडते. बहुतेक प्रथिनांत कुठे तरी सिस्टीन हे अमिनो आम्ल असतं, त्याच्या टोकाला गंधकाचा अणू असतो. नायट्रिक ऑक्साइडपासून आलेला गट या गंधकाला चिकटला की प्रथिनाची चाल बदलते. 1998 मध्ये जोनाथन स्टॅमलर, गेरहार्ड माइसनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाच्या पेशीतल्या रायनोडिन झडपेवर हे होताना पाहिलं. असे अनेक गट चिकटल्यावर झडप उघडून कॅल्शियम सुटू लागलं. 2006 मध्ये क्योटोच्या यासुओ मोरी यांच्या गटाने पेशीच्या बाहेरच्या आवरणातल्या टीआरपीसी5 या मार्गिकेवरही हेच दाखवलं. तिथे नायट्रिक ऑक्साइडने कॅल्शियम आत आणलं. आणि 2018 मध्ये कॅनडातल्या एका गटाने स्टिम1 या प्रथिनावर नेमकं उलट पाहिलं. आंतर्द्रव्यजालिका रिकामी झाल्याची वर्दी देऊन बाहेरचा दरवाजा उघडायला लावणं हे स्टिम1 चं काम. त्याच्या दोन सिस्टीनांवर नायट्रिक ऑक्साइडचा गट बसला की ते काम मंदावतं.

एकाच रेणूने एका जागी झडप उघडायची आणि दुसऱ्या जागी बंद करायची, हे वाचून कुणीही गोंधळेल. पण पेशीच्या बाजूने पाहिलं तर यात विसंगती नाही. वायू काही सेकंदच टिकतो, थोड्याच अंतरावर पोचतो. तो कुठे बनतो, त्याच्या शेजारी कोणतं प्रथिन आहे आणि त्या क्षणी तिथे ऑक्सिजन किती आहे, यावर निकाल ठरतो. कर्कपेशीच्या दृष्टीने हा निकाल जीवनमरणाचा असतो. स्टिम1 आणि त्याच्या जोडीची ओराय1 ही मार्गिका, दोन्हींची ओळख 2005–06 मध्ये पटली होती. 2009 मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या एमडीए-एमबी-231 पेशींवर काम करणाऱ्या शिन-युन हुआंग यांच्या गटाने दाखवलं की ही जोडी खिळखिळी केली तर कर्कपेशींची सरक मंदावते आणि उंदरात त्या दूरच्या अवयवांत कमी पसरतात. पसरण्यासाठी पेशीला सरकावं लागतं. त्यासाठी तिला पुढचं टोक चिकटवावं आणि मागचं सोडवावं लागतं. कॅल्शियमचा प्रवाह अडला की ही चिकटण्यासुटण्याची उलाढाल नीट होत नाही.

मरण्याची वाटही कॅल्शियमवरूनच जाते. जपानमध्ये कुमामोतोच्या सेइइची ओयादोमारी आणि मासाताका मोरी यांनी 2001 मध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर नायट्रिक ऑक्साइडचा मारा करून पाहिला. प्रयोगात वापरलेल्या मिन6 पेशी स्वतः उंदराच्या स्वादुपिंडातल्या गाठीपासून आलेल्या होत्या. आंतर्द्रव्यजालिकेतलं कॅल्शियम रितं झालं. तिथे प्रथिनांची घडी बसेनाशी झाली, पेशीने धोक्याची घंटा वाजवली, चॉप नावाचं प्रथिन तयार झालं आणि पेशीने स्वतःलाच संपवलं. हिब्ज यांनी पाहिलेल्या लोहाच्या गळतीबरोबर मृत्यूची ही आणखी एक वाट कळली. पण नायट्रिक ऑक्साइडचं प्रमाण थोडं असलं तर नेमकं उलटही घडतं. आत्मनाशाचं काम करणाऱ्या कास्पेज एन्झाइमांच्या सिस्टीनावर नायट्रिक ऑक्साइडचा गट बसला की ती लुळी पडतात आणि पेशी मरायची ती वाचते.

या साऱ्या परस्परविरोधी निकालांना पहिल्यांदा आकड्यांची शिस्त लागली ती 2004 मध्ये. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत डेव्हिड विंक आणि डग्लस थॉमस यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-7 पेशींना मोजून मापून नायट्रिक ऑक्साइड दिलं, आणि नुसतं दिलं नाही, तर बशीतल्या द्रवात त्या घडीला ते किती उरलं आहे हेही मोजत राहिले. 10 ते 30 नॅनोमोलरला वाढीचा संदेश देणारं ईआरके हे प्रथिन जागं झालं. 100 नॅनोमोलरच्या वर एचआयएफ-1 अल्फा साठू लागलं, ऑक्सिजन कमी असताना गाठीला तग धरायला लावणारं प्रथिन. 300 च्या पुढे गेल्यावर पी53 चेतलं, डीएनए बिघडल्यावर पेशीला थोपवणारं किंवा मारणारं. अवघ्या तीस पटींच्या पट्ट्यात, एकाच पेशीत, पोसण्यापासून मारण्यापर्यंतचा सगळा प्रवास होता. बेकनहॅम आणि ह्यूस्टनच्या 1995 च्या प्रयोगांतला विरोध इथे बऱ्याच अंशी विरघळला. पूर्वीच्या कित्येक प्रयोगांत ‘किती दिलं’ एवढीच नोंद होती, ‘पेशीला प्रत्यक्ष किती आणि किती वेळ मिळालं’ ही नव्हती.

रुग्णांपर्यंत यातलं काय पोचलं? सरळ उपयोगाचं फार थोडं, आणि जे पोचलं ते धडा देणारं. जपानमध्ये हिरोयासु यासुदा यांच्या गटाने फुप्फुसाच्या बळावलेल्या कर्करोगाच्या 120 रुग्णांत निम्म्यांना केमोथेरपीसोबत त्वचेवर चिकटवायची नायट्रोग्लिसरिनची पट्टी दिली. गाठीला रक्त आणि ऑक्सिजन जास्त मिळाला तर औषध आत पोचेल, हा विचार. 2006 मध्ये निकाल आला: पट्टी असलेल्यांपैकी 72 टक्के रुग्णांची गाठ आकसली, नसलेल्यांपैकी 42 टक्क्यांची. जगभर आशा पालवली. ऑस्ट्रेलियात मोठी चाचणी घेतली गेली. तिच्यात काहीच फायदा दिसेना म्हणून ती मध्येच थांबवावी लागली आणि 2015 मध्ये तसं प्रसिद्ध झालं. पट्टीतून गाठीत प्रत्यक्ष किती नायट्रिक ऑक्साइड पोचतं, हे यातल्या कुठल्याच रुग्णात मोजलेलं नव्हतं. विंक यांच्या आकड्यांनंतर हे न मोजणं फार महागात पडणारं होतं.

विरुद्ध दिशेचा प्रयत्न हिब्ज यांच्याच हत्याराने झाला. 2010 मध्ये राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या शॅरन ग्लिन आणि श्टेफान अँब्स यांनी दाखवलं की इस्ट्रोजेनला प्रतिसाद न देणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात मॅक्रोफेजचं ते मोकाट एन्झाइम जास्त असेल तर स्त्रिया कमी काळ जगतात. मग त्याला आवर घालायचा तर मोनोमिथिल आर्जिनिन होतंच. पण या रेणूचा पूर्वेतिहास चांगला नव्हता. जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या रुग्णांना ते देऊन पाहिलं गेलं होतं. 797 रुग्णांच्या त्या चाचणीत औषध मिळालेल्यांपैकी 59 टक्के 28 दिवसांत दगावले, औषध न मिळालेल्यांपैकी 49 टक्के. 2004 मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा या रेणूचं नाव घ्यायलाही डॉक्टर कचरू लागले. सगळ्या शरीरातलं नायट्रिक ऑक्साइड एकदम अडवलं की धमन्या आवळतात आणि हृदयावर ताण येतो.

ह्यूस्टन मेथडिस्ट रुग्णालयात जेनी चँग यांच्या गटाने तरीही ते धाडस केलं, पण मोजूनमापून. तिहेरी निगेटिव्ह, म्हणजे नेहमीच्या लक्ष्यभेदी औषधांना दाद न देणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाच्या थोड्या रुग्णांना त्यांनी टॅक्सेन या केमोथेरपीसोबत मोनोमिथिल आर्जिनिन दिलं. नायट्रिक ऑक्साइड अडवल्यावर रक्तदाब चढणार हे ठरलेलंच होतं. त्यासाठी सोबत ॲम्लोडिपीन ठेवलं, रक्तदाबाच्या लाखो रुग्णांच्या ओळखीचं औषध, जे धमनीच्या स्नायूत शिरणारं कॅल्शियम अडवतं. गाठीतला वायू अडवायचा आणि त्याने धमनीत होणारं नुकसान कॅल्शियमच्या बाजूने सावरायचं, असा हा डाव. 2021 मध्ये ‘सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन’मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. बऱ्याच रुग्णांच्या गाठी आकसल्या, त्रास सोसण्याजोगा होता. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे श्रेय नेमकं कुणाचं हे त्या चाचणीवरून सांगता येणार नव्हतं, आणि लेखकांनी ती पहिली-दुसरी पायरी म्हणूनच मांडली. ज्यांना प्रतिसाद मिळाला आणि ज्यांना नाही त्यांच्या गाठींचे तुकडे प्रयोगशाळेत ठेवून त्यांत कोणत्या पेशी आल्या, कोणत्या गेल्या, याची मोजणी त्याच निबंधात सुरू झाली.